शेवटची गाडी ठरली की रात्र ठरली

प्रश्न : "नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही तिघं जपानला जातोय. मी, माझे यजमान आणि एकोणीस वर्षांची मुलगी. टोकियो, क्योटो, ओसाका नक्की आहे. शेवटच्या दोन रात्री फुकुओकाला काढाव्यात की सप्पोरोला, यावर घरात एकमत होत नाही. ज्याला विचारावं तो जो आराखडा देतो, त्यात संध्याकाळी सहाला हॉटेलवर परत. देवळं पाचला बंद होतात म्हणे. मग पुढे काय? ह्यांना एखाददुसरा पेग चालतो. मी घेत नाही आणि शाकाहारी आहे. मुलीला टोकियोतला क्लब बघायचाय. मला धास्ती वाटते, तर ती म्हणते, 'आई, जपान किती सुरक्षित आहे माहितीये का तुला?' रात्री बाहेर पडावं का, कुठं, आणि किती वाजेपर्यंत?"

उत्तर : बाहेर पडा, अगदी जरूर पडा. जपानची शहरं सातनंतर खुलतात. कचेऱ्या सुटतात, गल्लीबोळांतल्या खानावळींसमोर लाल कागदी कंदील लागतात आणि सकाळी गाडीत चकार शब्द न काढणारी माणसं मोठमोठ्यानं हसताना दिसतात. सहाला खोलीत जाऊन बसायचं म्हणजे एवढा खर्च करून अर्धाच देश बघायचा. पण तुमच्या प्रश्नांतला खरा कळीचा प्रश्न आहे 'किती वाजेपर्यंत'. लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. मी तिथूनच सुरुवात करते.

टोकियोची लोकल आणि मेट्रो रात्रभर चालत नाही. बहुतेक मार्गांवर शेवटची गाडी बारा ते साडेबाराच्या आसपास असते, काही मध्यवर्ती स्टेशनांवर एकच्या सुमारास. पहिली गाडी पहाटे साडेचार-पाचला. मधल्या वेळात स्टेशनं चक्क बंद. शेवटच्या गाडीला तिथं 'शूदेन' म्हणतात आणि शहराची सगळी रात्र तिच्याभोवती बेतलेली असते. साडेअकराच्या पुढेमागे गुत्त्यांमधून एकदम खुर्च्या सरकायला लागतात, बिलं मागवली जातात, आणि शिंजुकुसारख्या स्टेशनाकडे माणसांचा लोंढा निघतो. तुम्हीही त्या लोंढ्यात असायचं की नाही, हे संध्याकाळी हॉटेलातून निघतानाच ठरवून टाका. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळे तपशील आहेत. एकतर शूदेननं परत यायचं, नाहीतर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत बाहेर राहायचं असं आधीच ठरवून तशी तयारी करायची. 'बघू, थोडा वेळ थांबू' असं म्हणत रेंगाळणाऱ्यांचेच हाल होतात. रात्री दीड वाजता, दमलेले, चढलेले, गाडी चुकलेले पाहुणे रस्त्यावर उभे असतात, आणि गोड बोलून कुठंतरी घेऊन जाणारे त्यांचीच वाट बघत असतात.

वेळापत्रक बघताना काही खाचाखोचा आहेत. दोन गाड्या बदलून जायचं असेल तर पहिल्या मार्गाची शेवटची गाडी पकडून भागत नाही, कारण पुढच्या मार्गाची तोवर निघून गेलेली असू शकते. काही शेवटच्या गाड्या पूर्ण मार्ग जातच नाहीत, मध्येच एखाद्या स्टेशनात संपतात. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या बऱ्याचदा थोड्या लवकर संपतात. गूगल मॅप्सवर निघण्याची वेळ निवडता येते तिथंच शेवटच्या गाडीचाही पर्याय असतो. तो रोज दाबून बघा आणि दिसेल त्याच्या आधीच्या गाडीला 'आपली' समजा. शूदेन स्वतः फार तुडुंब असते आणि त्यातले निम्मे प्यायलेले असतात. बायकांना धक्के आणि नको ते स्पर्श याच गाडीत सोसावे लागतात. काही मार्गांवर फक्त स्त्रियांसाठी डबे असतात. ओसाकाच्या मिदोसुजी मार्गावर तर आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दिवसभर असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. लेकीला ती दाखवून ठेवा.

टॅक्सी आहेच, प्रामाणिकही आहे, पण स्वस्त नाही. टोकियोत मीटर साधारण ५०० येनपासून सुरू होतं आणि रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जादा लागतात. शिंजुकुहून असाकुसाला रात्री जायचं म्हटलं तर चार-पाच हजार येन धरून चाला. काचेमागे लाल अक्षरं पेटलेली असतील तर गाडी रिकामी. हे आपल्याला उलटंच वाटतं, म्हणून लोक हिरवे दिवे बघून हात करत राहतात आणि टॅक्सी थांबत नाही म्हणून वैतागतात. मागचा डावा दरवाजा ड्रायव्हर आतून उघडतो-मिटतो, त्याला हात लावायचा नाही. टिप द्यायची नाही, कुठेच नाही, अगदी बारमध्येही नाही.

यावर सगळ्यात सोपा उपाय हॉटेल निवडतानाच करायचा असतो. जिथं रात्री फिरायचं, तिथून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या. टोकियोत शिंजुकु स्टेशनची पश्चिम किंवा दक्षिण बाजू, नाहीतर उएनो. ओसाकात नाम्बा. दिवसा कुठूनही कुठंही जाता येतं, दिवसाचा प्रश्न नसतोच.

आता लेकीचा क्लब. तो वाद तुम्हाला घालावाच लागणार नाही, जपानच्या कायद्यानं तो मिटवलाय. १ एप्रिल २०२२ पासून तिथं सज्ञान होण्याचं वय वीसवरून अठरावर आलं, पण दारू आणि सिगारेट यांची अट वीस वर्षांचीच राहिली. क्लबच्या दारात मूळ पासपोर्ट बघतात, फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. वीस पूर्ण नसतील तर बहुतेक क्लब आतच घेत नाहीत. (पासपोर्ट तसाही सतत जवळ लागतो. परदेशी पाहुण्यानं तो जवळ बाळगावा असा तिथं कायदाच आहे, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका.) तिला वाईट वाटेल, तर हे सांगा. त्याच देशात १९४८च्या एका कायद्यामुळे कित्येक दशकं मध्यरात्रीनंतर क्लबमध्ये नाचायलाच बंदी होती. 'नाचू नये' अशा पाट्या खरोखर लागलेल्या असायच्या. बराच काळ पोलीस काणाडोळा करत. मग २०१२मध्ये ओसाकातल्या 'नून' नावाच्या क्लबवर धाड पडली, मालकाला अटक झाली, तो लढला आणि सुटला. कायदा २०१५मध्ये बदलला आणि जून २०१६पासून पहाटेपर्यंतचा नाच रीतसर झाला, तोही आत १० लक्सपेक्षा जास्त उजेड असेल तर. नाचायला किती उजेड लागतो हे कायद्यात लिहून ठेवणारा देश आहे तो, एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी अपवाद करणार नाही.

तिच्यासाठी दुसरं पुष्कळ आहे आणि खरं सांगायचं तर क्लबपेक्षा जास्त जपानी आहे. 'लाइव्ह हाउस' म्हणजे छोटी गाण्याबजावण्याची ठिकाणं. शिमोकिताझावा, कोएन्जी, शिबुया या भागांत ती खच्चून आहेत. तळघरात शंभर-दोनशे माणसं, समोर तीनचार बँड, सगळं संध्याकाळी सहा-सातला सुरू होऊन दहापर्यंत आटोपतं. तिकिटाबरोबर एका पेयाचे पाच-सहाशे येन वेगळे घेतात, त्यात थंड पेय मिळतं. वयाची अट बहुधा नसते, तरी कार्यक्रमाच्या माहितीत बघून घ्या. दुसरं, काराओके. हे यंत्र १९७१मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोऊए या वादकानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि पुढं सगळ्या जगात गेलं. जपानमध्ये काराओके म्हणजे परक्या लोकांसमोर मंचावर उभं राहणं नाही. तुम्हा तिघांना एक बंद खोली मिळते, भाडं माणशी अर्ध्या तासावर किंवा रात्रभराच्या ठोक दरावर. यजमानांचा बेसूर तुम्हीच ऐकायचा. आणि गाडी चुकलीच तर पहाटे पाचपर्यंत बसायला याहून बरी जागा नाही. दार बंद, सोफा मऊ, चहा-कॉफी हवी तेवढी.

गाडी चुकल्यावरचे आणखी पर्याय म्हणजे मंगा कॅफे (चित्रकथा वाचत रात्र काढता येते असं ठिकाण) आणि कॅप्सूल हॉटेल (झोपण्यापुरती खोक्याएवढी जागा देणारं). कॅप्सूल हॉटेलची सुरुवातच अशा गाडी चुकलेल्या कारकुनांसाठी झाली, पहिलं १९७९मध्ये ओसाकाच्या उमेदा भागात उघडलं. यातली बरीच अजून फक्त पुरुषांसाठी आहेत, तेव्हा कुटुंबानं त्यावर विसंबू नये.

आता तुमची धास्ती. लेकीचं म्हणणं नव्वद टक्के खरं आहे. रात्री अकराला दोघी मायलेकी टोकियोच्या बहुतेक रस्त्यांवरून निवांत चालत जाल. उरलेले दहा टक्के मात्र काही ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक पद्धतीनं गोळा झालेले आहेत, आणि ती पद्धत एकदा कळली की धोका जवळजवळ संपतो. शिंजुकुचं काबुकिचो आणि रोप्पोंगी ही ती ठिकाणं. काबुकिचोला काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकाराचं नाव आहे, कारण युद्धानंतर तिथं काबुकीचं नाट्यगृह बांधायचं ठरलं होतं. ते कधीच झालं नाही, त्याऐवजी जे झालं ते तुम्ही बघालच. तिथं फुटपाथवर उभी असलेली मुलं इंग्रजीत विचारतात : कुठून आलात, काय हवंय, तीन हजार येनमध्ये हवं तेवढं प्या. त्यांच्यामागं गेलं की लिफ्टनं पाचव्या-सहाव्या मजल्यावर एक बार, आणि बिल येतं लाखाच्या घरात. 'टेबलचे', 'बर्फाचे', 'सेवेचे' पैसे. दाराशी दोघं उभे. या प्रकाराला 'बोत्ताकुरी' म्हणतात. रस्त्यावरचे लाउडस्पीकरसुद्धा दिवसरात्र ओरडून सांगतात की या लोकांच्या मागं जाऊ नका. पेयात गुंगीचं औषध घालून क्रेडिट कार्ड साफ केल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या दूतावासानं आपल्या नागरिकांना याच दोन भागांबद्दल सावध केलं आहे.

तुमच्या घराला यातला धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर यजमानांना. लेकीला नाही, तुम्हाला तर नाहीच. पन्नाशीतला एकटा पुरुष, 'जरा एक चक्कर मारून येतो' म्हणून साडेबाराला निघालेला, हे त्या मुलांचं ठरलेलं गिऱ्हाईक. तेव्हा नियम करा : बार आपण शोधायचा, बारनं आपल्याला शोधायचं नाही. चांगल्या ठिकाणाला रस्त्यावर माणूस उभा करावा लागत नाही. कुणी बोललं तर उत्तरच द्यायचं नाही, 'नो थँक्यू' पण नाही, चालत राहायचं. फसलाच कुणी, तर वाद घालत बसू नका, जवळच्या 'कोबान'वर, म्हणजे पोलीस चौकीवर, जा. त्या चौक्या प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ असतात. ११० पोलिसांचा नंबर, ११९ रुग्णवाहिकेचा.

टोकियोची पहिली रात्र मी शिंजुकुत घालायला सांगणार नाही. यूराकुचोला जा. रेल्वेच्या रुळांखाली शंभरावर वर्षांच्या विटांच्या कमानी आहेत, त्यांच्या पोटात खानावळी आहेत, डोक्यावरून गाडी गेली की ग्लास हलतात. सगळे सूट घातलेले कारकून, कुणी तुमच्याकडे बघत नाही, आणि स्टेशन दोन मिनिटांवर. पहिल्याच दिवशी झोपेची वेळ उलटीपालटी झालेली असते, तेव्हा साडेनऊला परत.

दुसऱ्या रात्री शिंजुकु, पण क्रमानं. आधी पश्चिमेकडे टोकियो महानगर शासनाची जुळी इमारत. २०२ मीटर उंचीवरचा सज्जा फुकट आहे आणि रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. फेब्रुवारी २०२४पासून संध्याकाळी त्याच इमारतीच्या भिंतीवर प्रकाशचित्रांचा खेळ असतो, तोही फुकट, समोरच्या चौकात बसून बघायचा. तिथून स्टेशन ओलांडून गोल्डन गाई. सहा बोळ, त्यात दोनशेच्या वर बार, प्रत्येकात सहा-आठ माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा. तिघांना एकत्र जागा मिळणं अवघड, म्हणून साडेसात-आठलाच जा. बाहेर पाटी बघा. काही बार फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असतात आणि तसं लिहिलेलं असतं, त्याचा राग मानू नका. बसायचे पाचशे ते हजार-दीड हजार येन माणशी लागतात, पेय वेगळं. तुम्ही सरबत घेतलं तरी बसायचे पैसे लागणारच. माणशी तेवढे भरून अर्धा तास बसायचं असेल तर यजमानांना एकट्याला जाऊ द्या. ही पेयाची जागा आहे, पर्यटनस्थळ नाही, आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढायला आत घुसणं तिथं अजिबात आवडत नाही. गल्लीतले फोटोसुद्धा विचारून.

त्या अर्ध्या तासात तुम्ही दोघी काय कराल? गोल्डन गाईला लागूनच हानाझोनो देऊळ आहे आणि तुम्ही नोव्हेंबरात जाताय. नोव्हेंबरमध्ये कोंबड्याच्या दिवशी तिथं 'तोरी-नो-इची' नावाचा बाजार भरतो. बारा दिवसांच्या चक्रात हा दिवस महिन्यात दोनदा किंवा तीनदा येतो, पंचांगासारखा, दर वर्षी तारखा बदलतात. बांबूची सजवलेली पंजेटी विकायला असतात, लक्ष्मी ओढून आणणारी. ती विकली गेली की दुकानदार आणि गिऱ्हाईक मिळून तालात टाळ्या वाजवतात. शेकडो कंदिलांच्या भिंती, भाजक्या कणसांचा वास, रात्री उशिरापर्यंत गर्दी. दारूचा थेंब न घेता टोकियोची रात्र अंगावर घ्यायची तर याहून चांगलं काही मला सुचत नाही. तुमच्या तारखांत बसत असेल तर सगळा कार्यक्रम त्याभोवती फिरवा.

शिबुयाचा चौक रात्री बघायचाच, लेक नेईलच. तिथं एक लक्षात ठेवा : ऑक्टोबर २०२४पासून शिबुया स्टेशनच्या परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर उभं राहून दारू प्यायला वर्षभर मनाई आहे. दंड नाही, पण गस्तीवाले येऊन कॅन ओतायला लावतात. इतर ठिकाणी रस्त्यावर पिणं कायद्यानं चालतं, म्हणून पाहुण्यांचा इथं गोंधळ होतो.

इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या गुत्त्यात, शिरल्यावर काय होतं ते सांगते, कारण पहिल्या वेळी सगळेच चपापतात. बसल्याबरोबर न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते. ती भेट नसते. तिला 'ओतोशी' म्हणतात, माणशी तीनशे ते पाच-सहाशे येन बिलात लागतात. ते जागेचं भाडं समजायचं आणि वाद घालायचा नाही. प्रत्येकानं निदान एक पेय मागवावं अशी रीत आहे, त्यात ऊलाँग चहा किंवा बिनदारूची बिअर पूर्ण चालते. कुणी भुवया उंचावत नाही, तिथं गाडी चालवणारा माणूस थेंबसुद्धा घेत नाही. क्योटोत सायकली भाड्यानं घेणार असाल तर तोच नियम सायकलला आहे, नोव्हेंबर २०२४पासून शिक्षाही कडक झाली. 'नोमिहोदाई' म्हणजे दीड-दोन तास ठोक दरात हवं तेवढं पिणं. बऱ्याच ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी मिळूनच ते घ्यावं लागतं. तुमच्या घरात एकच पिणारा, तेव्हा तुमच्यासाठी तो आतबट्ट्याचा सौदा.

शाकाहाराबद्दल खोटी आशा लावत नाही. इझाकायात जवळजवळ प्रत्येक रश्शात, सॉसमध्ये, अगदी साध्या दिसणाऱ्या भाजीतही 'दाशी', म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क, असते, आणि ती बहुधा माशाची. थंडगार टोफू मागवला की त्यावर सुक्या माशाचा कीस भुरभुरून येतो. निर्धास्त म्हणाल तर एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, कापलेला टोमॅटो, काकडी. यावर रात्रीचं जेवण होत नाही. म्हणून जेवण साडेसहा-सातला एखाद्या शाकाहारी किंवा भारतीय ठिकाणी उरकून घ्या आणि मग इझाकायात वातावरणासाठी, शेंगा सोलत दीड तास बसा. पोट भरलेलं असलं की त्या जागेचा आनंद घेता येतो. शेगडीच्या धुराचा त्रास असेल तर काउंटरपासून लांबची जागा मागा. सिगारेटचा धूर पूर्वीइतका उरला नाही, एप्रिल २०२०पासून उपाहारगृहांत आत ओढण्यावर देशभर निर्बंध आहेत. छोट्या बारमध्ये अजून चालते.

क्योटोत रात्रीची चैन शोधायला जाऊ नका. शहर लवकर निजतं, बसगाड्याही दहा-अकराच्या दरम्यान संपतात. पण तुम्ही नेमके अशा वेळी जाताय की क्योटोची सगळ्यात देखणी रात्र मिळेल. लाल झालेल्या मेपलच्या झाडांवर दिवे सोडून कियोमिझु, एइकान्दो, तोजी ही देवळं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रात्री पुन्हा उघडतात. वेगळं तिकीट, शेवटचा प्रवेश साधारण साडेआठ-नऊला. तोजीचा पाच मजली पॅगोडा जवळपास ५५ मीटर उंच आहे, लाकडी पॅगोड्यांत देशात सगळ्यात उंच, आणि त्याच्या पायथ्याच्या तळ्यात झाडांसकट उलटा दिसतो. मला तोजी जास्त आवडतं, कारण स्टेशनापासून चालत जाता येतं आणि कियोमिझुच्या चढावरची चेंगराचेंगरी टळते. नंतर पोंतोचोची अरुंद गल्ली, कामो नदीच्या काठानं फेरी, पुरे. गिऑनमधल्या खासगी बोळांत २०२४पासून पर्यटकांना बंदी आहे, पाटीवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. मायको, म्हणजे गेइशा होण्याचं शिकणाऱ्या मुली, संध्याकाळी कामावर निघालेल्या असतात. त्यांच्या मागे फोन घेऊन धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली.

ओसाका त्याच्या अगदी उलट, आणि तुम्हा तिघांना एकत्र मजा येईल असं शहर हेच. दोतोंबोरीच्या कालव्यावर ग्लिको कंपनीचा धावणारा माणूस १९३५पासून पाट्या बदलत धावतोय, सध्याची सहावी पाटी २०१४मधली. गर्दी, आरडाओरडा, सगळं दोन तास बघायला छान. कंटाळा आला की मागच्या अंगाला होझेन्जी योकोचो नावाचा दगडी बोळ आहे. तिथं फुदो देवाची मूर्ती शेवाळानं इतकी माखलीय की नाकडोळे दिसत नाहीत. लोक वर्षानुवर्षं पाणी घालतात म्हणून. रात्रीही घालतात, तुम्हीही घाला. दुसऱ्या संध्याकाळी शिनसेकाई. तिथला त्सुतेनकाकू मनोरा १९५६चा, आणि त्याच्या टोकाचे दिवे उद्याचं हवामान सांगतात : पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी ढग, निळा पाऊस. खाली कुशिकात्सूची दुकानं, म्हणजे काडीला टोचून तळलेले तुकडे. कमळकाकडी, शतावरी, भोपळा, कांदा असे शाकाहारी तुकडेही मिळतात, पण कढई तीच, आणि तळणीत पुष्कळदा जनावराची चरबी असते. तुम्ही टाळलेलंच बरं. सॉसच्या सामायिक भांड्यात उष्टी काडी परत बुडवायची नाही, हा ओसाकाचा सर्वांत पवित्र नियम.

पैशांचं थोडक्यात. छोट्या बारमध्ये आणि हातगाड्यांवर रोख येन लागतात. सेव्हन-इलेव्हनमधलं एटीएम रात्रीही चालतं आणि बाहेरची कार्डं घेतं. यजमानांसह इझाकायात बसलात तर पिणाऱ्याचे तीन-पाच हजार, न पिणाऱ्याचे दीड-दोन हजार धरा. रात्री फिरताना मोठ्या मर्यादेचं कार्ड खोलीतच राहू दे.

राहिलं फुकुओका की सप्पोरो. फुकुओकाची ख्याती यताईंमुळे, म्हणजे खाण्याच्या हातगाड्यांमुळे. संध्याकाळी सहाच्या सुमारास हातगाड्या येतात, तंबू उभे राहतात, आठ-दहा माणसं बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात, आणि पहाटे सगळं गुंडाळून फुटपाथ पुन्हा रिकामा. नाकासूत नदीकाठी, तेनजिनमध्ये, नागाहामात मिळून शंभरेक गाड्या आहेत. एकेकाळी त्या याहून कितीतरी जास्त होत्या. परवाना घरच्याच माणसाकडे जाई आणि मुलं धंदा सोडत गेली. शहरानं २०१३मध्ये यताईंसाठी नियमावली केली, पुढं नव्या लोकांना अर्ज करू दिला, म्हणून आज तरुण चालक दिसतात. नाकासूपेक्षा तेनजिनला जा, भाव लिहिलेले नसतील तिथं बसू नका, पावसात जाऊ नका, आणि टॉयलेट आधी शोधून ठेवा, गाडीवर ते नसतं. यजमानांना हे स्वर्ग वाटेल. तुम्हाला मात्र तिथं डुकराच्या हाडांच्या रश्श्याचा वास आणि एदामामे, एवढंच मिळेल.

सप्पोरोत सुसुकिनो हा झगमगाटाचा भाग आहे. त्याच्याही कडेला बोलावणारे उभे असतात, नियम तोच. पण त्या शहराची एक लाडकी सवय आहे. पिऊन झाल्यावर इतर शहरांत लोक शेवटी रामेन, म्हणजे रश्शातल्या शेवया, खातात, सप्पोरोत पार्फे खातात. उंच काचेच्या पेल्यात होक्काइदोच्या दुधाचं आइस्क्रीम, फळं, वर काहीतरी नक्षीकाम, रात्री अकरालासुद्धा दुकानासमोर रांग. एकोणीस वर्षांची, न पिणारी, शाकाहारी, सगळ्यांना चालेल अशी रात्र. जिलेटिन आहे का तेवढं विचारून घ्या. तोवर तिथं बर्फ भुरभुरायला लागलेलं असतं, बूट आणि जाड कोट लागेल.

तीन मतांपैकी दोन सप्पोरोला पडतील असा माझा अंदाज आहे. दोन्हीकडे टोकियोच्या हानेदा विमानतळावरून थेट विमानं आहेत. फक्त २३ नोव्हेंबर बघा. त्या दिवशी तिथं सार्वजनिक सुटी असते, आणि ती शनिवार-रविवारला जोडून आली तर क्योटोत खोली मिळणं मुश्किल होतं आणि मिळाली तर दुप्पट भावानं. तो आठवडा क्योटोसाठी ठेवला असेल तर आधी तिथलं हॉटेल पक्कं करा, मग बाकीच्या शहरांचा क्रम लावा.